आरएक्स-८ : २००९चं मॉडेल घ्यावं की जुनं?

डिचोलीकर :
मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याला वापरलेली माझदा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार घ्यायचीय. २००५ची स्वस्तात मिळतेय, २००९ची आर३, म्हणजे तिचंच वरचं मॉडेल, बरीच महाग सांगतायत. बंपर सोडला तर दोन्हींत खरंच काही फरक आहे का? आणि पुढेमागे ती गोव्यात आणता येईल का?

फोंड्याचा फिटर :
मस्कतला गॅरेजात असताना या इंजिनांवर हात काळे केलेत, म्हणून लिहितो. बंपर नि दिवे विसर. खरा बदल तेलाचा आहे. यात पिस्टन नसतो, तिकोनी रोटर फिरतो आणि त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, भिंतीला घासत जातात. त्यांना तेल लागतंच. ते पंपाने थोडं थोडं आत सोडलं जातं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. जुन्या गाडीत दर रोटरला दोन नोझल होते, २००९ला मधोमध तिसरा दिला आणि पंपही इलेक्ट्रिक केला. फक्त एवढ्यासाठी मी चार पैसे जास्त देईन.

मॅन्युअल गिअरवाल्या गाडीचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चाकांआधीचा शेवटचा गिअर रेशो, ४.४४चा ४.७७ केला, त्यामुळे खालच्या आरपीएमची मरगळ जरा कमी झाली. आर३ला बिलस्टाइनचे डँपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), रेकारोच्या सीट, १९ इंची चाकं. सीट झकास आहेत, पण त्यांच्यावर भुलून भाव ठरवू नये.

बघायला जाताना कंप्रेशन टेस्टचा, म्हणजे इंजिन आत किती दाब धरतं त्या तपासणीचा, कागद मागायचा. कोणी साधा गेज लावून एकच आकडा सांगितला तर तो धरू नका. रोटरला तीन बाजू, रोटर दोन, म्हणजे सहा आकडे हवेत. २५० आरपीएमला एकही ६८० किलोपास्कलच्या खाली असला तर इंजिन उतरवायचा खर्च धरूनच बोलणी करायची. शिवाय गरम इंजिन बंद करून लगेच स्टार्ट करायला लावा. नुसतं घरघरत राहिलं तर तिथूनच परत फिरायचं.

म्हापशेकर :
गोव्याचं मनातून काढा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि ही बनायचीच २०१२ला बंद झाली. कार्नेवर, म्हणजे गाडी परत न्यायच्या बोलीवर मिळणाऱ्या कस्टमच्या तात्पुरत्या परवान्यावर, आणा, चोर्ला घाट फिरवा, परत न्या. एवढंच.

डिचोलीकर :
बरं झालं विचारलं. पण तो तर रोज स्टेशनपर्यंत न्यायची म्हणतोय. पाच मिनिटांचा रस्ता.

फोंड्याचा फिटर :
मग ही गाडी त्याची नव्हे रे! थंड इंजिन चालू करून लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, मग बॅटरी उतरेस्तोवर स्टार्टर मारत बसा. धुवायला पोर्चमधून बाहेर काढली तरी आधी गरम होऊ द्यावी लागते. स्टेशनला जायला एखादी जुनी स्विफ्ट घे म्हणावं. ही घेतलीच तर रविवारी लांब न्यायची, नीट गरम झाली की ९०००पर्यंत चढवायची, आणि तेलाचा कॅन कायम डिकीत. मायलेज मात्र मावशीला सांगू नका.