नातीला मराठी अक्षरं आत्ताच शिकवावीत का? (वडोदरा)

दांडियाबाजारचे आजोबा:
नात गुजराती माध्यमात पहिलीत. परवा वहीत 'चमचा' लिहिला: पहिला च गुजराती वळणाचा, दुसरा मराठी, मधला म बोडका, रेघच नाही! बाई म्हणाल्या, घरी मराठी बंद करा. ते तर मी मेलो तरी करणार नाही. पण माझं मत असं की दोन वर्षं एकच लिपी पक्की होऊ द्या. मराठी फक्त कानाने, गोष्टींतून. 'चिमणी'तला च आणि 'चांदोबा'तला च वेगळा, हे अक्षर बघून कोणाला कळलंय?

मांडवीची सून:
काका, साफ चूक. आम्हीही 'पुढे बघू' म्हणालो. मुलगा आता चौदाचा, मराठी फर्डा बोलतो, पण आजीची चिठ्ठी मला वाचून दाखवावी लागते. क-ख-ग-घचा क्रम तोच, काना-वेलांटीची युक्ती तीच. नवे ते फक्त आकार.

बालवाडीताई:
मीही सूनबाईंच्याच बाजूची. सरमिसळ म्हणजे गोंधळ नव्हे, दोन्ही लिप्या डोक्यात जाग्या असल्याची खूण आहे. माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलीने आकाश 'भुरं' म्हटलं, कारण गुजरातीत भूरो म्हणजे निळा. तिला दटावलं नाही, दोन्ही रंगांचे खडू समोर ठेवले. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हेच मांडलं: एका भाषेत कमावलेलं वाचनाचं कौशल्य दुसरीत उपयोगी पडतं, मात्र त्या दुसरीचा सहवास आणि गोडी हवी. त्याआधी १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांच्या माँट्रियलच्या अभ्यासात दहा वर्षांची द्विभाषिक मुलं चाचण्यांत पुढेच निघाली. (दोन्ही भाषा सारख्या येणारीच मुलं निवडली, हा आक्षेप नंतर आला. तो खोटा नाही.)

रावपुरावाला:
माँट्रियलला फ्रेंच आणि इंग्रजी, लिपी एकच! इथे दोन लिप्या आहेत, आणि तिसरी, इंग्रजीची, टपलेलीच. पोरीला श्वास घेऊ द्या. आजोबा बरोबर आहेत.

मांडवीची सून:
श्वास घेता घेता माझा चौदाचा झाला.

दांडियाबाजारचे आजोबा:
रावपुरावाले, आभार, पण ती चिठ्ठीची गोष्ट लागली मला. माझीही पत्रं कपाटात पडून आहेत. बरं, पाटी रविवारी काढतो, आठवडाभर गोष्टीच. 'चमचा' दोन्हींत लिहायला लावतो, शेजारी शेजारी.

बालवाडीताई:
आणि रेघ शेवटी मारू द्या. ती पोरांना फार आवडते.