ए डिव्हिजनचा सेंटर बॅक, वय ३१: कोचिंगची सुरुवात कुठून करावी?

पेठेचा_पाठीराखा:
आमच्या मंडळाच्या फुटबॉल संघाचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) आहे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये ए डिव्हिजनला दहा हंगाम झाले, दोन वर्षं कप्तान आहे. गुडघा कुरकुरायला लागलाय, फार तर दोन हंगाम उरलेत. मंडळातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की, बूट काढले की लगेच त्याने सीनियर संघ हातात घ्यावा. तो तयार आहे. पण लायसन्स एकही नाही, आणि प्रॅक्टिस घेतली ती फक्त कोच न आलेल्या दिवशी. लायसन्स कुठलं आणि कोणत्या क्रमाने काढावं? या दोन वर्षांत काय शिकून घ्यावं? आणि काल ज्यांच्यासोबत खेळला त्यांनाच उद्या बाहेर कसं बसवायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सराव_वही:
सीनियर संघ लगेच देऊ नका. त्याला आजच, खेळत असतानाच, १४ वर्षांखालच्या पोरांचा संघ द्या. आठवड्यातून दोन दिवस, ७५ मिनिटं, आणि त्या संघाची पूर्ण जबाबदारी त्याची. मदतनीस म्हणून उभं राहून कोचिंग येत नाही. प्रॅक्टिस फसली तर ती आपली फसली, हे ज्याला कळतं तोच दुसऱ्या दिवशी वही उघडतो.

खेळाडू कोच झाला की सुरुवातीला कुठे चुकतो, तेही सांगतो. तो स्वतः खेळात उतरतो. पोरं त्याच्याकडे चेंडू देतात, तो सुंदर पास देतो, आणि सगळ्यांना वाटतं प्रॅक्टिस झकास झाली. त्याला मात्र काहीच दिसलेलं नसतं. पहिले तीन महिने पायाला चेंडू लावायचा नाही, असा नियमच करा.

एक सराव नमुन्यादाखल देतो. चार विरुद्ध चार, अधिक तीन जोकर, म्हणजे ज्यांच्याकडे चेंडू त्यांच्या बाजूने खेळणारे. दोन जोकर दोन टोकांना, एक मध्ये. चौकोन ३० बाय २० मीटर, कडेने आठ चेंडू ठेवलेले. तीन मिनिटं खेळ, एक मिनिट विश्रांती, असे सहा डाव. बहुतेक वेळा फसतं ते चौकोन लहान आखल्यामुळे. पोरांचा पहिला टच दोन मीटर पुढे जातो, चेंडू सारखा बाहेर, आणि सराव चेंडू आणण्यातच संपतो. अशा वेळी पोरांवर ओरडू नये, चौकोन पाच मीटरने वाढवावा. आणि चेंडू बाहेर गेला की तो आणायला कुणी धावायचं नाही, कडेचा दुसरा आत टाकायचा.

दुसरी चूक खेळ थांबवण्याची. शिट्टी चूक घडली त्या क्षणीच वाजली पाहिजे. दहा सेकंदांनी थांबवलं तर पोरं हललेली असतात, चित्र मोडलेलं असतं, आणि तुम्ही काय सांगताय ते त्यांना दिसतच नाही. थांबवलं तर वीस सेकंदांत सांगून मोकळं व्हा. एका प्रॅक्टिसला एकच विषय घ्या. मागून खेळ उभारणं हा विषय असेल तर त्या दिवशी कॉर्नरवर एक शब्दही बोलू नका, कितीही जीव तुटला तरी.

सेंटर बॅकला आणखी एक धोका असतो. त्याला सगळीकडे बचावाचीच चूक दिसते. गोल खाल्ला की तो शेवटच्या टॅकलपाशी जातो, चेंडू गमावला गेला ती जागा चाळीस मीटर पुढे असते. वहीत गोलच्या आधीचे तीन पास लिहायची सवय लावा.

डी_ते_प्रो:
लायसन्सचं थोडक्यात. आपल्याकडची शिडी डी, सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी आहे. महाराष्ट्रात कोर्स विफामार्फत, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेमार्फत, जाहीर होतात. तारखा आणि शुल्क दरवेळी तिथेच पाहावं, ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. डी काही दिवसांचा असतो, तो या हंगामातच उरकून टाका. सी पासून खरा कस लागतो. तिथे दिलेल्या विषयावर सराव आखून, तो प्रत्यक्ष घेऊन दाखवावा लागतो. अनेक चांगले खेळाडू इथे अडतात, कारण त्यांना करून दाखवता येतं पण मांडता येत नाही. वरच्या कोर्सला जाण्याआधी मधल्या काळात संघासोबत काम केलेलं दाखवावं लागतं, म्हणून १४ वर्षांखालचा संघ आत्ताच घेणं दुहेरी उपयोगाचं. सरावाचे आराखडे तारखेसकट जपून ठेवा.

पोटापाण्याचा विचारही आत्ताच करा. पेठेच्या संघाच्या मानधनावर घर चालत नाही. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड. लागतं. सरकारी क्रीडा खात्यातल्या मार्गदर्शकाच्या जागांसाठी पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) डिप्लोमा विचारात घेतात. क्लब आणि अकादमी मात्र फुटबॉल फेडरेशनचं, म्हणजे वरच्या डी ते प्रो शिडीतलं, लायसन्स बघतात. हे दोन रस्ते वेगळे आहेत. एकावर चालताना दुसऱ्याचं दार आपोआप उघडेल असं धरून चालू नका.

डावा_बॅक:
वर १४ वर्षांखालच्या संघाबद्दल लिहिलंय, त्याला मोठे दाखले आहेत.

खालिद जमील. मुंबईच्या क्लबांत खेळला, दुखापतींनी गांजला, आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिशीत, मुंबई एफसीचा मुख्य कोच झाला. पण त्याआधी त्याच क्लबच्या १९ वर्षांखालच्या पोरांसोबत त्याने काम केलं होतं. मुंबई एफसीकडे पैसा बेताचा, तरी तो होता त्या सात हंगामांत संघ आय-लीग या देशपातळीवरच्या क्लब लीगमधून खाली गेला नाही. तो गेला आणि पुढच्याच हंगामात संघ तळाला गेला. त्याच २०१६-१७ च्या हंगामात त्याने मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे. त्या संघात आपला जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता. दोघेही त्याच्या हाताखाली मुंबई एफसीत खेळून गेलेले. कुणाकडून काय काम घ्यायचं हे त्याला आधीच ठाऊक होतं. खालच्या पातळीवर काढलेली वर्षं अशी वसूल होतात. २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला.

दुसरा एडी हाऊ. हाही सेंटर बॅक, याचाही गुडघाच गेला. इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबमध्ये खेळता खेळता कोचिंगला लागला, २००७ ला खेळणं सुटलं. २००८ मध्ये मुख्य कोचला काढलं तेव्हा याचीही नोकरी गेली, आणि परत आला तो क्लबच्या पोरांना शिकवायला. ३१ डिसेंबर २००८ ला सीनियर संघ तात्पुरता हातात आला तेव्हा वय ३१, संघ इंग्लंडच्या चौथ्या पायरीवर, तिथेही तळाजवळ, कारण आर्थिक गोंधळापायी १७ गुण कापलेले. पहिले दोन्ही सामने हरला.

त्यानंतर त्याने स्टीव फ्लेचरला परत आणलं. वय ३६, हाऊचा जुना सहकारी. एप्रिल २००९ मध्ये ग्रिम्सबीविरुद्ध २-१ ने जिंकून संघ वाचला, आणि विजयी गोल फ्लेचरचाच होता. जुन्या दोस्ताला संघात घेणं म्हणजे वशिला, असं आपल्याकडे लगेच बोललं जातं. तो दोस्त कशासाठी हवाय हे कोचला एका वाक्यात सांगता येत असेल तर खुशाल घ्यावा.

पेठेचा_पाठीराखा:
सगळ्यांचे मनापासून आभार. पण तिसरा प्रश्न राहिला. आमच्या संघात त्याचे दोन शाळासोबती आहेत, दोघेही तिशीपुढचे. एकाला तरी पहिल्या अकरातून काढावं लागणार.

सराव_वही:
सामन्याच्या दोन दिवस आधी, एकट्याला गाठून, तोंडावर सांगायचं. व्हॉट्सअपवर यादी पडल्यावर कळलं तर ती दोस्ती गेलीच म्हणून समजा. कारण एकच द्यायचं आणि ते डोळ्यांनी दिसणारं हवं: 'उजव्या बाजूने त्यांचा पोरगा धावतो, साठाव्या मिनिटानंतर तू त्याच्यामागे पोचत नाहीस.' 'मंडळाचं म्हणणं आहे' असं कधीही म्हणू नये. 'पुढच्या मॅचला नक्की' असा शब्दही देऊ नये.

खेळाडूंच्या खासगी ग्रुपमधून त्याने पहिल्याच दिवशी बाहेर पडावं. संघात काय धुसफूस आहे हे कप्तानाकडून कळेल, आणि कप्तान आता दुसरा हवा. मंडळाशीही आधीच बोलून घ्या: पहिली अकरा कोच ठरवणार, ती तो मंडळाला कळवेल, विचारणार नाही. हे हंगामाआधी चारचौघांसमोर बोलून झालं पाहिजे.

आणि खेळाडू-कोच असं दुहेरी काम सीनियर संघात टाळा. सेंटर बॅकच्या जागेवरून खेळ समोर दिसतो खरा, पण चेंडू डावीकडे असताना आपला उजवा बॅक किती आत आलाय हे बघायला त्याला मान वळवावी लागते. आणि स्वतःला बदलायची वेळ आली हे त्याला सांगणार कोण?

शिट्टी_माझ्याकडे:
रेफ्रींच्या बाजूने दोन गोष्टी. टेक्निकल एरिया, म्हणजे कोचने उभं राहायची जागा, बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना एक मीटर आणि पुढे टचलाइनच्या (मैदानाच्या कडेच्या लांब रेषेच्या) एक मीटर अलीकडेपर्यंत असते. एका वेळी एकानेच उभं राहून डावपेचाच्या सूचना द्यायच्या. २०१९ पासून बाकावरच्या माणसांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. गैरवर्तन कुणी केलं हे ओळखता आलं नाही, तर कार्ड तिथल्या सर्वांत वरिष्ठ कोचला मिळतं. शाहू स्टेडियमवर बाकाशेजारी मंडळाचे दहा-बारा कार्यकर्ते गोळा होतात. त्यातला एक ओरडतो आणि भोगावं कोचला लागतं. यादीत नाव असलेलेच बाकावर बसतील, हे त्याने पहिल्या सामन्याआधीच सांगावं.

बदली खेळाडू किती आणि किती वेळा थांबवून घेता येतात, हे प्रत्येक स्पर्धेचं वेगळं असतं. नियमपत्रक सामन्याच्या आदल्या रात्री वाचा.

डावा_बॅक:
एक राहिलं. सामन्याचं चित्रण गॅलरीच्या वरच्या पायरीवरून, मधल्या रेषेसमोरून करा. पोरं झूम करून चेंडूमागे फोन फिरवतात, मग बचावाची फळी दिसतच नाही. फोन आडवा, झूम नको, एका वेळी किमान अर्धं मैदान आत हवं. ९० मिनिटांच्या साध्या फुल एचडी चित्रणाला १० ते १२ जीबी लागतात, तेवढी जागा आधी मोकळी करा, पॉवर बँक जोडा. दुपारच्या उन्हात फोन तापून मध्येच बंद पडतो, म्हणून वर टोपी किंवा पुठ्ठ्याची सावली धरा. आणि खेळाडूंना पूर्ण सामना दाखवायचा नाही. प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचे चार तुकडे काढा, त्यातले दोन तरी जमलेल्या गोष्टींचे असू द्या.