४,२०० मीटर उंचीवरच्या तलावासाठी प्रोपेलर: पिच किती घ्यावा?

पंचगंगा_घाट:
नमस्कार मंडळी. बोट १६ फुटी, फायबरची. आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं) इंजिन ४० एचपी टू-स्ट्रोक, कार्बोरेटरचं, गिअर रेशो २:१. प्रोपेलर अ‍ॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, ११ ३/८ बाय १२ (व्यास ११ ३/८ इंच, पिच १२ इंच; पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा पाण्यात हिशेबानं किती पुढं सरकेल ते अंतर). मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलचा आरपीएम ४,५०० ते ५,५०० दिलाय. इथं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात चार माणसं बसवून ५,२०० मिळतो, जीपीएसवर ताशी ३७ किमी. हीच बोट सर्वेक्षणासाठी लडाखमध्ये साधारण ४,२०० मीटरवरच्या तलावात उतरवायची आहे. पिच किती घ्यावा? आणि आहे त्याच प्रोपेलरचा पिच शिरोलीच्या फाउंड्रीत उतरवून घेतला, किंवा त्यावरून नवा ओतून घेतला, तर चालेल का?

ओबीएम_मिस्त्री:
दादा, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो. दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद जाते, म्हणजे तुमचं ४० चं इंजिन तिथं २४-२५ एचपीचं झालं. कोल्हापूर ५५० मीटरवर आहे, त्यामुळं इथंच ५-६ टक्के गेलेले असतात, ते लक्षात येत नाहीत इतकंच. पाणी मात्र तिथंही तितकंच जड. १२ चा पंखा ठेवलात तर ५,२०० चे ढोबळमानानं ४,५०० होतील, आणि बोट प्लेनिंगवर (पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकण्यावर) आलीच नाही तर त्याच्याही खाली. अशा दमलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर रेटत ठेवलं की कार्बन धरतं आणि तापतं.

पिच १ इंच उतरवला की १५० ते २०० आरपीएम वाढतात. ९ लावा. ५,००० च्या आसपास याल, म्हणजे रेंजच्या मध्यावर. वजन जास्त असेल तर ८ लागेल, तो पेटीत असू द्या. कमी पिचचे पंखे बहुतेक थोड्या मोठ्या व्यासाचे येतात, पावणेबारा-बारा इंचाचे. म्हणून पंख्याच्या वर असलेल्या इंजिनाच्या आडव्या प्लेटपासून पात्याला मोकळी जागा उरते का आणि स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या खाचांचे) दात जुळतात का, हे घेण्याआधी तपासा.

वेगाचा हिशेब: आरपीएम × पिच ÷ गिअर रेशो × ०.००१५२४ = किमी प्रतितास. तुमचे आजचे ४७.५ येतात, प्रत्यक्षात ३७, म्हणजे २२ टक्के स्लिप (हिशेबापेक्षा कमी पडलेला वेग). तीच स्लिप धरली तर ९ च्या पंख्यावर ५,००० ला २६-२७ किमी मिळतील. सर्वेक्षणाचे तास त्यावर मांडा. पंखा फक्त इंजिनाला त्याच्या आरपीएमपर्यंत पोचू देतो, गेलेली ताकद परत आणत नाही. त्यामुळं सामान कमी करणं हाही उपायच आहे.

दुसरं, मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिश्रण रिच होतं: काळा धूर, काजळलेले प्लग, आयडलला बंद पडणं. सर्व्हिस मॅन्युअलच्या उंचीच्या तक्त्याप्रमाणं लहान जेट टाका. ते न करता नुसता पिच उतरवलात तर निम्मंच काम होतं. तेलाचं प्रमाण मात्र ५०:१ असेल तर तेच ठेवा, लिटरला २० मिली.

शिरोली_फाउंड्री:
ओतकामाबद्दल. अ‍ॅल्युमिनियमचं पातं पिळून इंचभर पिच बदलता येतो, तोही पिच ब्लॉकवर (ठरलेल्या पिचच्या ठोकळ्यावर) बसवून. ३ इंच उतरवायला गेलात तर मुळाशी चीर पडते, रंगाखाली ती दिसत नाही. जुन्या पंख्याचाच पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करून ओतला तर श्रिंकेज (थंड होताना आकसणं) सव्वा टक्क्याच्या आसपास, म्हणजे व्यासात साधारण साडेतीन मिमी कमी, ते एकवेळ चालेल. पण मुळात कॉपी १२ पिचचीच निघणार. शिवाय वाळूच्या साच्यात तिन्ही पाती एकसारखी उतरत नाहीत. एका पात्याचा पिच अर्धा इंच इकडंतिकडं झाला की थरथर सुरू होते आणि मार प्रोपशाफ्टच्या बेअरिंगला व सीलला बसतो. मुळाशी ब्लो होल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) असेल तर पातंच जाईल. कास्टिंग करणं हा आमचा धंदा आहे, तरीही सांगतो, हे करू नका. व्यास घासून लहान करायचंही मनात आणू नका. आरपीएम वाढेल, पण भरलेल्या बोटीला पाण्यात पकड राहणार नाही.

पंचगंगा_घाट:
पटलं, ९ आणि ८ दोन्ही नवे घेतो. ९ ची ट्रायल इथंच घेतली तर?

ओबीएम_मिस्त्री:
घ्या, पण फुल थ्रॉटल देऊ नका. ९ चा पंखा इथं ५,७०० च्या पुढं जाईल. टॅकोमीटर ५,५०० ला लागला की हात थांबवा. लहान जेट टाकून तर इथं चालवूच नका, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टन धरेल. इथली ट्रायल फक्त फिटिंग आणि थरथर बघायला.

बसवताना न्यूट्रलला घ्या, सेफ्टी दोरी काढा, प्लगच्या वायरी सोडा. स्प्लिट पिन, नट, वॉशर, स्पेसर काढून पंखा ओढा. आता शाफ्टवर थ्रस्ट वॉशर राहिलाय ना ते डोळ्यांनी बघा. ग्रीसमुळं तो जुन्या पंख्याच्या तोंडाला चिकटून निघतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याशिवाय नवा पंखा आवळला की हब (पंख्याचा मधला भाग) गिअरकेसला घासतं. स्प्लाइनला वॉटरप्रूफ ग्रीस, स्प्लिट पिन नवी.

हबच्या रबरावर मार्करनं आतून बाहेर एक सरळ रेघ मारा. आरपीएम चढतोय पण बोट ओढत नाही असं झालं तर आधी ती रेघ बघा. तुटली असेल तर रबर सरकलंय, पिचचा दोष नाही. रेघ सरळ असेल तर पाती हवा ओढतायत किंवा कॅव्हिटेशन (पात्यावर पाण्याची वाफ होऊन बुडबुडे) होतंय. कमी दाबामुळं तिथं ते लवकर होतं. इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर एक भोक खाली घ्या.

पाणी पँगाँगसारखं खारट असेल तर रोज गोड्या पाण्यानं फ्लश करा. मग इंजिन उभं ठेवून सगळं पाणी निथळू द्या, रात्री आत गोठलं तर पंपाची बॉडी फुटते. आणि काढलेला जेट व १२ चा पंखा एकाच पिशवीत बांधून बोटीतच ठेवा, परत आल्यावर दोन्ही एकत्रच बदलायचेत.