रील-पोस्टवर घातलेल्या वेळेचा हिशोब कशावर लावायचा, व्ह्यूज का पेट्या?

केसर_अंबाजोगाई
मंडळी, अंबाजोगाईकडं आमची केसर आंब्याची बाग आहे. आधी उक्ती, म्हणजे अख्खी बाग एकरकमी ठरवून, व्यापाऱ्याला द्यायचो, आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेट्या पाठवतो आन त्यासाठी वर्षभर इन्स्टा, फेसबुक, यूट्यूब चालूच असतं. भाऊ म्हणतो एवढे व्ह्यूज यायलेत म्हणजे चांगलंच चाललंय की. मला हे पटत नाही. उक्त्या सौद्यात जे मिळालं असतं आन थेट विकून जे मिळालं त्यातला फरक काढा, त्यातून खोके, ट्रान्सपोर्ट, रस्त्यात दबलेला माल, बूस्टचे, म्हणजे पोस्ट जास्त लोकांना दिसावी म्हणून भरलेले पैसे आन आपली मजुरी वजा करा, उरलं तेवढीच सोशल मीडियाची कमाई. व्ह्यूजचं काय घेऊन बसलात, 31 मार्च 2025 पासून यूट्यूबचं शॉर्ट नुसतं सुरू झालं तरी व्ह्यू धरतात, माणूस पुढच्याच क्षणाला सरकला तरी. भावाला यूट्यूबच्या जाहिरातीचा पैसा दिसायलाय, त्याला 1000 सबस्क्रायबर आन 12 महिन्यांत 4000 तास पाहिलेलं नायतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज लागतात, मग आपण आंबा विकायलोय का व्हिडिओ? तुम्ही काय मोजता सांगा.

मोसंबीवाला_जालना
दादा, सगळा फरक मोबाईलच्या नावावर कसा काय टाकता? मेव्हण्याच्या ऑफिसात, बहिणीच्या सोसायटीत पेट्या जातात त्या रील नसतं तरी गेल्याच असत्या की. आन खरा खर्च वेळेचा आहे. आमच्या शेजारच्या बागेत ऐन मोहोरात तुडतुड्यांची कीड आन भुरी रोग आलेला, फवारणीला झाला उशीर आन पोरं मोहोराचा ड्रोन शॉट घेत होती. झाडावर फळच नाही टिकलं तर फॉलोअर काय कामाचे? माझं म्हणणं सरळ आहे, चांगला माल द्या, गिऱ्हाईकच गिऱ्हाईक आणतंय.

आढीवाली_बीड
भाऊ, चांगला माल आहे हे पुण्यातल्या बाईला खाण्याआधी कळणार कसं ते सांगा ना. आमच्या इथं सासूबाई खोलीत वाळलेलं गवत अंथरून एकेक आंबा हलक्या हातानं रचतात, वर परत गवत, आन काही दिवसांनी उघडलं की पिवळी झालेली फळं वेगळी, हिरवट परत आत, एवढाच व्हिडिओ आहे, गाणं नाही काही नाही. पब्लिकमधून तो फार कुणी पाहिलेला नाही. पण नवीन गिऱ्हाईक फोनवर पहिलं हेच विचारतं की कार्बाईडचा तर नाही ना, कार्बाईडनं फळं पिकवायला बंदी आहे तरी लोकांच्या मनात भीती आहेच, तर मी वाद घालत नाही, तो व्हिडिओ पाठवते आन बरेचजण तिथंच ॲडव्हान्स टाकतात. व्ह्यूजवर मोजलं तर तो फेल, पेटीवर मोजलं तरी त्याचं नाव कुठंच येत नाही कारण ऑर्डर तर फोनवरून आली. केसर दादा, तुमच्या वजाबाकीत हा कुठं बसवणार?
आन मराठवाडा केसरला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाहेर केसर म्हणलं की लोक गीर, गुजरात म्हणतात. हे नाव लोकांच्या तोंडी आपणच बसवायचंय, त्याचा हिशोब एका सीझनला लागायचा नाही.

लातूरकर_डिजिटल
मोजायला सोपं आहे की. व्हॉट्सॲपच्या लिंकमधे आधीच लिहिलेला मेसेज टाकता येतो, इन्स्टाला एक, फेसबुकला दुसरा, खोक्यावरच्या क्यूआरला तिसरा, मेसेज पडला की कुठून आला ते लगेच कळतं. व्हॉट्सॲप बिझनेसमधे लेबल लावा, चौकशी, बुकिंग, पैसे आले, परत घेणारे. मी तर म्हणतो पहिली ऑर्डर सोडून द्या, पुढच्या मे महिन्यात न सांगता परत आलेलं गिऱ्हाईक तेवढं मोजा.

कलमवाला_धाराशिव
लिंक अर्धंच सांगते साहेब. आत्यानं रील पाहिलं, फॅमिली ग्रुपवर टाकलं, तिथून नंबर घेऊन पुतण्यानं फोन केला, आता हा कुठल्या लेबलात टाकायचा? मी कलमं विकतो आन घन लागवडीवर, म्हणजे झाडं जवळजवळ लावण्यावर, पूर्वी वेबसाईटवर लेख लिहिलेत, किती अंतर, छाटणी कधी, पाणी कधी तोडायचं, असलं सगळं. रील दोन-चार दिवसांत खाली जातं पण ते लेख लोक अजून गुगलवर शोधून वाचतात आन फोनवर बोलताना त्यातलंच वाक्य मला ऐकवतात. गुगलच्या सर्च कन्सोलमधे, वेबसाईटवर सर्चमधून कोण आलं ते दाखवणाऱ्या टूलमधे, मागच्या 16 महिन्यांचं दिसतं, लोक काय टाईप करून आले ते पण, मला वाचकांच्या आकड्यापेक्षा तेच कामाचं वाटतं कारण पुढं काय लिहायचं ते त्यातून कळतं. पेट्यांच्या हिशोबात हे बसत नाही म्हणून त्याला शून्य किंमत द्यायची हे मला बिलकुल मान्य नाही.

केसर_अंबाजोगाई
शून्य म्हणलोच नाही, पण कर्ज फेडायचं असतं तेव्हा आकडा लागतोच ना भाऊ. ओळखीचं गिऱ्हाईक वेगळं काढू, ते मोसंबीवाल्यांचं बरोबर आहे. ताईंच्या व्हिडिओसाठी असं करतो, पत्ता लिहून घेताना आधी आमचं काय पाहिलं ते विचारायचं आन वहीत लिहायचं, फोन भावाकडंच असतो. गाण्याच्या रीलला बूस्ट मात्र बंद, ते पैसे जाड खोक्याला.

मोसंबीवाला_जालना
त्या वहीत मजुरीचा रकाना पण आखा, रोज किती तास मोबाईलवर गेले तो. भावालाच लिहू द्या.