आधी बॉटम ब्रॅकेट बघा
दादा, जुन्या रोडबाइकवर डाव्या क्रँकचा (पेडल लागतं त्या दांडीचा) पॉवर मीटर, म्हणजे पायाची ताकद मोजणारं यंत्र, बसेल का, असं विचारलंत. आधी बॉटम ब्रॅकेट बघा, म्हणजे फ्रेममधलं क्रँक फिरतात ते बेअरिंग. 68 मिमी रुंदीचं, आट्यांचं असेल तर शिमानो कंपनीचा 24 मिमी ॲक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा दांडा) बसतो. स्रॅम कंपनीच्या ‘डब’ प्रकारचा ॲक्सल 28.99 मिमी, त्याचं बेअरिंग वेगळं. बेअरिंगच्या उजव्या कपाचे आटे उलटे, घड्याळाच्या उलट दिशेनं आवळायचे. दारव्ह्यात मी घाईत सुलटा पिळला आणि फ्रेमचे आटे गेले, फार जीवाला लागलं. मग क्रँक आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची खालची नळी) यांमधली फट मोजा, मीटरची डबी आतल्या अंगाला असते. फट कमीच असली तर सरळ पेडलमध्येच बसवलेला मीटर घ्या. आणि आपल्या मे महिन्यात सायकल घरातून उन्हात काढली की दहा मिनिटं थांबून मगच झीरो ऑफसेट करा, म्हणजे मीटर शून्यावर आणा, नाहीतर आकडे भरकटतात.