ओट्यावर स्विचची रांग हवी, की डीबीतले एमसीबी पुरेत?

घोडबंदरकरीण
कासारवडवलीच्या नव्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम सुरू होतंय. इंटिरियरवाला म्हणतो, ओव्हन, डिशवॉशर, चिमणीचे पॉइंट त्यांच्याच मागे घ्या, वर स्विच नकोत, डाडोची (ओट्यामागच्या भिंतीची) टाइल मोकळी दिसली पाहिजे. बंद करायचं झालं तर हॉलच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा खटका) आहेच.
मला हे साफ नामंजूर. बिल्ट-इन ओव्हन एकदा कपाटात स्क्रूने आवळला की मागचा प्लग काढायला दोन माणसं लागतात. डिशवॉशरखाली पाणी दिसलं तर कामवाल्या मावशींनी हॉलमध्ये जाऊन बारा खटक्यांतला नेमका कुठला पाडायचा? बसवून टाकलेल्या प्रत्येक उपकरणाचा डीपी स्विच (करंट आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल, दोन्ही वायरी तोडणारा) ओट्याच्या वर, शेगडीच्या बाजूला, आचेवरून हात न नेता पोचेल असा हवा. सॉकेट शेजारच्या कपाटात, पाण्याच्या नळीपेक्षा उंच. टाइल गेली उडत.

पाचपाखाडीचा काका
ताई, असहमत. जितके स्विच तितके जास्त जोड, आणि सैल जोड तापला की आग लागू शकते. त्यात ओल्या, तेलकट हातांची वर्दळ. डीबीत प्रत्येक सर्किटला डीपी एमसीबी घ्या, वर ठळक मराठीत नावं चिकटवा, मावशींनाही वाचता येतील. आमच्याकडे असंच आहे.

ऐरोली वायरमन
काका, तुमच्याकडे डीपी आहेत, छान. पण बिल्डरच्या डीबीत बहुतेक सिंगल पोल असतात. तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला. डीबीत किंवा त्याच्या आधी कुणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर एमसीबी पाडूनही ओव्हनच्या आत करंट असतो. साइटवर टेस्टर लावला की असले उलटे जोड नेहमी सापडतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, तेवढा करंट गळला की लगेच पडणारा खटका.

नेरुळ सेक्टर
आला आरसीसीबी! आमच्या जुन्या सिडको घरात बसवला आणि जुलैभर रोज पडत होता. फ्रीजमधलं दूध नासलं. शेवटी वायरमनने काढून टाकला, आता शांतता आहे. पावसाळी हवेत ही चैन परवडत नाही.

ऐरोली वायरमन
शांतता नाही, झाकलेलं दुखणं आहे ते. बराच काळ न वापरलेल्या ओव्हनच्या किंवा गिझरच्या कॉइलमध्ये दमट हवेत ओल शिरते आणि गळती सुरू होते. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे इन्व्हर्टरचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलला जोडलेला. एकेक सर्किट सोडवून पाहिलं की चोर सापडतो. फ्रीजला वेगळा आरसीसीबी द्या, म्हणजे ओव्हन रुसला तरी दूध टिकेल. आणि आधी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागे दोनच वायरी निघतात.

पाचपाखाडीचा काका
ते मान्य. पण ताई, तुमचं कपाटातलं सॉकेट मला पटत नाही. आमचा सिलिंडर ओट्याखाली असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचतो. तिथे ठिणगी उडाली तर?

घोडबंदरकरीण
आमच्याकडे पाइपचा गॅस आहे, तो हलका, वर जातो. पण काका, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! खाली बिनस्विचचं सॉकेट, त्यात प्लग कायमचा घट्ट. चालू-बंद जे काही ते वर. आणि सिलिंडर असेल त्या कप्प्यात सॉकेटच नको.

खारघर नवखा
मधेच विचारतो. ओट्यावर इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १४००, किटली १५००. बिल्डरने एकाच अडीचच्या (अडीच चौरस मिमी) वायरवर सगळ्या सॉकेटचा लूप मारलाय. दोन एकत्र लावले तर चालतं, तिसरं लावलं की थोड्या वेळाने खटका पडतो. शेजारी म्हणतात ३२ अँपियरचा एमसीबी टाक.

ऐरोली वायरमन
अजिबात नको. ४९०० भागिले २३० म्हणजे २१ अँपियरच्या वर. ३२ चा टाकलात तर खटका पडायचा थांबेल आणि भिंतीतली वायर तापत राहील. लूप तोडा, इंडक्शनला स्वतंत्र अडीचची वायर आणि वेगळा एमसीबी ओढा. चार चुलींचा बिल्ट-इन इंडक्शन हॉब घेणार असाल तर तो ७००० वॅटच्या आसपास, म्हणजे एकट्यालाच ३० अँपियर. त्याला सहाची वायर, ३२ चा डीपी, आणि आधी महावितरणकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा.

नेरुळ सेक्टर
एवढं सगळं करायचं तर टाइल लावण्याआधीच. आम्हाला आता खाचा मारायच्या म्हणजे अर्धा डाडो फोडायचा.

घोडबंदरकरीण
म्हणूनच आत्ता भांडतेय. इंटिरियरवाल्याचा नवा प्रस्ताव आलाय: सगळे डीपी स्विच वरच्या कपाटात, दाराआड. टाइलही वाचते.

पाचपाखाडीचा काका
हे झकास!

ऐरोली वायरमन
कुठलं कपाट? चिमणीलगतचं असेल तर नको, गरम वाफ आणि तेल तिथेच जातं. तुमचा पाइपचा गॅसही गळला तर वरच साचणार. शिवाय त्या दाराआड उद्या डबे रचले जाणार, मग स्विच शोधा. माझं मत उघड्यावरच.

पाचपाखाडीचा काका
मग चिमणीला तरी डीपी कशाला? दोनशे-अडीचशे वॅटचं यंत्र.

ऐरोली वायरमन
चिमणीला सहा अँपियरचा साधा स्विच-सॉकेट पुरे, फक्त साफ करताना प्लगपर्यंत हात पोचला पाहिजे. तेवढी एक स्विचपट्टी कमी झाली, ताई. इंटिरियरवाल्याला सांगा.