परळ–पोयनाड परिवार ग्रुप, शुक्रवार रात्र

वसंतकाका: अनिकेत, तू टाकलेला वंशवृक्ष आधी काढ. आमच्या आजोबांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह? वारस नोंदीचं काम आत्ता कुठे मार्गी लागतंय, त्यात जुनी मढी कशाला उकरतोस?

अनिकेत: काका, मृत्यूची तारीख नक्की नाही म्हणून प्रश्नचिन्ह. अपमान करायचा हेतू नाही 🙏

वसंतकाका: तारीख नक्की आहे. १७ जुलै १९४७, रामदास बोट. अख्ख्या अलिबाग तालुक्याला पाठ आहे.

मालूआत्या: माझ्याकडून नेलेला आजोबांचा फोटो परत आलेला नाही. ज्याने नेला त्याने आणून द्यावा.

सुहास: गटारीसाठी गावी निघाले होते ना? म्हणजे घराण्याची परंपरा जुनी आहे 😄

वैशालीवहिनी: सुहासभाऊजी, सहाशेच्या वर माणसं गेली त्या दिवशी. जरा तरी.

सुहास: सॉरी वहिनी.

अनिकेत: बोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली, याबद्दल वादच नाही. पण पणजोबा तिच्यात होते कशावरून? प्रेत मिळालं नाही. खोलीवाल्यांनी एवढंच सांगितलं, "धक्क्यावर जातो म्हणाले." १९५५ चा फेरफार काढलाय मी, त्यातही "बेपत्ता, सात वर्षांत ठावठिकाणा नाही" असंच आहे. आणि नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत, आपल्या गावाच्या पानावर त्यांची मोडीत सही आहे. शके १८७१.

बंड्यादादा: म्हणजे कधी?

अनिकेत: ७८ मिळवा. १९४९.

वसंतकाका: १८६१ आहे ते. म्हणजे १९३९. पानाचा फोटो मीही मोठा करून पाहिलाय. शाई फुटलीये. आणि वाचून कोणी दिलं? कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून गल्लोगल्ली मोडीवाले झालेत.

बंड्यादादा: बरं, गणपतीची वर्गणी पाच घरांची अजून बाकी आहे. नावं टाकायला लावू नका.

मालूआत्या: माझ्याकडून नेलेला आजोबांचा फोटो परत आलेला नाही.

वैशालीवहिनी: अनिकेत, सहीसोबत आणखी कोणाचं नाव आहे का?

अनिकेत: तेच तर. "सौ. भागीरथी" लिहिलंय. पणजी तर सरस्वती.

बंड्यादादा: माहेरचं नाव असेल.

मालूआत्या: आजीचं माहेरचं नाव गोदा. ज्याने फोटो नेला त्याने

मालूआत्या: आणून द्यावा. चुकून आधीच गेला मेसेज.

वसंतकाका: ताई, फोटो माझ्याकडे आहे. वारसाच्या कागदांना जोडायला नेला होता. मिळेल.

मालूआत्या: वारस नोंदीला फोटो कधीपासून लागायला लागला वसंता? भिंतीवरून काढताना मी देवळात होते, विचारलंही नाहीस. आता विषय निघालाच आहे तर लिहिते. आजी शेवटपर्यंत कुंकू लावायची. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, म्हातारी आशेवर आहे. तिने मला सांगितलंय, खोलीत त्यांची पत्र्याची ट्रंक नव्हती. खोलीवाल्यांनी वळकटी आणून दिली, खुंटीवरची टोपी आणून दिली, ट्रंक नाही. दोन दिवसांसाठी घरी येणारा माणूस ट्रंक उचलून नेत नाही.

सुहास: 😶

वसंतकाका: हे ग्रुपवर बोलायचे विषय नाहीत. उद्या त्या भागीरथीचे वारस येऊन उभे राहिले तर गुंठे तू देणार आहेस का?

सुहास: म्हणजे काका, तुम्हालाही १८७१च दिसतंय तर.

(वसंतकाकांनी मेसेज डिलीट केला)

वैशालीवहिनी: मी वाचला.

बंड्यादादा: मीपण. वर्गणीचा मेसेज मात्र कोणी वाचत नाही.

अनिकेत: रविवारी पहाटे पाचला मूळ वही बघायला नाशिकला निघतोय. गाडीत एक जागा आहे. काका, तुम्ही आलात तर बरं होईल, डोळ्यांनी बघा.

वसंतकाका: मला कामं आहेत.

मालूआत्या: मी येते. पुढे बसेन, मागे बसलं की मला गाडी लागते.